वनराजाच्या दर्शनाला निघताना

डिसेंबर उजाडला की कल्याण स्थानकावरील संध्याकाळचे चित्र थोडे बदलते. नागपूरकडे जाणाऱ्या विदर्भ एक्स्प्रेसची वाट पाहणाऱ्यांत लग्नकार्याला निघालेले आणि मालाच्या खरेदीला निघालेले प्रवासी पूर्वीपासून असत. आता त्यांच्या बरोबरीने ताडोब्याला निघालेली कुटुंबेही दिसू लागली आहेत. खाखऱ्यांचे डबे, थेपल्यांच्या चवडी, मुलांच्या गळ्यात दुर्बिणी, आणि आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांच्या ओठी एकच प्रश्न : वाघ दिसेल ना? ठाणे, डोंबिवली आणि कल्याण येथील व्यापारी कुटुंबांची सुट्टी आजवर शत्रुंजय, गिरनार, सम्मेदशिखर, आबू यांच्या आधाराने आखली जात आली. आजही ती तशीच आखली जाते. मात्र तिला दोन दिवस अरण्याचे जोडण्याची नवी रीत आता रुळली आहे.

रीत चांगलीच म्हणावी लागेल. दुकानाच्या गादीवर वर्षभर बसणाऱ्या मनुष्याला पहाटेच्या धुक्यात तीन तास मौन धरून बसावे लागणे, हा लाभ लहान नाही. तथापि अशा यात्रेला निघणाऱ्या कुटुंबांना एक गोष्ट सहसा ठाऊक नसते. ज्या मार्गाने त्यांची गाडी रात्री कसाऱ्याचा घाट चढते, तोच लोहमार्ग एका बिबट्याने पायी ओलांडला होता. तोही प्रवासालाच निघाला होता आणि त्याची दिशा बरोबर उलट होती. तो घाटावरून ठाणे जिल्ह्यात उतरत होता.

२००९ सालची ही हकिकत आहे. अहमदनगर जिल्ह्यातील पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वर येथे एक पूर्ण वाढ झालेला नर बिबट्या विहिरीत पडला. वनखात्याने त्याला बाहेर काढले. बिबट्यांचा अभ्यास करणाऱ्या डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या गळ्यात उपग्रहाद्वारे ठावठिकाणा कळवणारा पट्टा बसवला व त्याला माळशेज घाटात सोडले. स्वभावाने अतिशय शांत, म्हणून अभ्यासकांनी त्याचे नाव ‘आजोबा’ ठेवले. घाटातील अरण्यात तो स्थिरावेल अशी अपेक्षा होती. आजोबा मात्र चालू लागला.

साधारण तीन-चार आठवड्यांत त्याने सुमारे १२० किलोमीटर अंतर कापले. कल्याण-मुरबाडच्या मंडळींना माळशेज म्हणजे पावसाळ्यातील धबधब्यांचे ठिकाण. त्या घाटातून निघून तो कसाऱ्याजवळ पोहोचला, तेथे लोहमार्ग ओलांडला, मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडला, तुंगारेश्वरचे अरण्य गाठले, वसईच्या औद्योगिक वसाहतींच्या कडेने वाट काढली आणि अखेर वसईची खाडी पोहून संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या उत्तरेकडील नागला भागात शिरला. या संपूर्ण प्रवासात त्याने एकाही माणसाला इजा केली नाही. दिवसा कोठेतरी झाडोऱ्यात निश्चल पडून राहावे आणि रात्री चालावे, असा त्याचा क्रम होता. ज्या गावांच्या अंगणाजवळून तो गेला त्यांतील बहुसंख्य लोकांना तो येऊन गेल्याची वार्ताही नव्हती. सुट्टीत दूरच्या अरण्यात बिबट्या दिसावा म्हणून आपण जिप्सी ठरवतो, आणि बिबट्या आपल्याच तालुक्यातून इतक्या विवेकाने निघून जातो की कोणाला चाहूल लागत नाही!

पुढे २०११ च्या डिसेंबरमध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावर एका वाहनाची धडक बसून एक बिबट्या मरण पावला. शरीरात बसवलेल्या चिपवरून ओळख पटली, तेव्हा कळले की तो आजोबाच. म्हणजे दोन-अडीच वर्षे तो याच परिसरात नांदत होता. २०१४ साली सुजय डहाके यांनी याच कथेवर ‘आजोबा’ हा मराठी चित्रपट केला आणि त्यात ऊर्मिला मातोंडकर यांनी अभ्यासिकेची भूमिका साकारली. मुलांना अरण्यात नेण्यापूर्वी घरी बसून तो दाखवावा, असे सुचवावेसे वाटते.

आजोबाची कथा येथे सविस्तर सांगण्याचे कारण असे, की मोठ्या मार्जारांच्या दर्शनासाठी होणारा प्रवास हा दोन्ही बाजूंनी चालणारा व्यवहार आहे. आपण त्यांच्या घरी जातो, आणि कधी कधी ते आपल्या दारावरून जातात. पाहुणा म्हणून आपण कसे वागतो आणि यजमान म्हणून कसे, हे दोन्ही तपासून पाहण्यासारखे आहे.

प्रथम पाहुणेपणाविषयी. जैन कुटुंबांना सर्वांत सहज घडणारे वनराजदर्शन म्हणजे गिरचे. बोरिवली किंवा वसई रोडहून सौराष्ट्राकडे जाणारी गाडी पकडावी, जुनागढला उतरावे, भवनाथ तळेटीवरून गिरनार चढून नेमिनाथ प्रभूंचे दर्शन घ्यावे, आणि परतीपूर्वी सासण येथे एक दिवस मुक्काम करावा, असा अनेकांचा क्रम असतो. गिरनारचा डोंगरही २००८ पासून अभयारण्य आहे आणि तेथेही सिंहांचा वावर आहे. पहाटेच्या अंधारात पायऱ्या चढणाऱ्या यात्रेकरूंना याची कल्पना असलेली बरी.

आशियाई सिंह आज जगात मुक्त अवस्थेत केवळ सौराष्ट्रातच उरला आहे. एकेकाळी तो इराण-इराकपासून उत्तर भारतापर्यंत होता. विसाव्या शतकाच्या आरंभी गिरमध्ये काही डझनच सिंह शिल्लक होते. जुनागढच्या नवाबांनी शिकारीला आळा घातला, पुढे १९६५ साली अभयारण्य झाले, आणि संख्या हळूहळू वाढत गेली : २०१५ मध्ये ५२३, २०२० मध्ये ६७४ आणि २०२५ च्या गणनेत ८९१. ही वाढ आनंदाची खरी. परंतु सर्व भांडवल एकाच पेढीत ठेवण्यातला धोका व्यापाऱ्याला वेगळा सांगावा लागत नाही. २०१८ साली विषाणूच्या साथीत गिरमध्ये वीसहून अधिक सिंह दगावले, तेव्हा हा धोका सर्वांच्या लक्षात आला. काही सिंह मध्य प्रदेशातील कुनो येथे हलवावेत असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच दिला होता. सिंह गेले नाहीत. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये त्याच कुनोत नामिबियाहून आणलेले चित्ते सोडण्यात आले.

गिरच्या संदर्भात एक गोष्ट जैन वाचकांनी विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. काही दशकांपूर्वी सासणला पाहुण्यांसाठी ‘सिंहदर्शन’ घडवले जाई ते असे : एक जिवंत रेडकू अरण्यात बांधून ठेवायचे, सिंह त्यावर येत आणि पाहुणे सुरक्षित अंतरावरून तो प्रसंग पाहत. ही पद्धत अधिकृतपणे केव्हाच बंद झाली आहे. तरीही सरकारी सफारीची परवानगी मिळाली नाही, सुट्टी संपत आली, मुले हट्टाला पेटली, की ‘खात्रीने सिंह दाखवतो’ असे कानाशी सांगणारा कोणीतरी भेटतो. २०१८ मध्ये गिर परिसरात जिवंत गाय पुढे ठेवून सिंह दाखवण्याचा असाच एक प्रकार चित्रफितीमुळे उघडकीस आला आणि त्यात अटकाही झाल्या.

आता हे दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून पाहावेत. ज्या गिरनारच्या दर्शनाला कुटुंब आलेले असते, त्या गिरनारची कथा कोणती? विवाहासाठी निघालेल्या नेमिकुमारांच्या कानी वाटेत कोंडलेल्या पशूंचा आक्रोश पडला. वऱ्हाडाच्या भोजनासाठी ते बांधले होते. त्यांनी रथ फिरवला, विवाह सोडला आणि ते याच पर्वतावर आले. सकाळी या प्रभूंपुढे मस्तक नमवावे आणि संध्याकाळी दोरीला बांधलेल्या जनावराच्या प्राणांवर आपली करमणूक करून घ्यावी, यासारखी विसंगती दुसरी नसेल. पैसे देणाऱ्याला बहुधा आत काय बांधले आहे हे सांगितले जात नाही. म्हणून ते त्यानेच विचारले पाहिजे. ‘खात्री’ हा शब्द ऐकला की सावध व्हावे. अरण्यात सिंहाची खात्री कोणी देत असेल तर तिची किंमत दुसऱ्या कोणत्यातरी जिवाने मोजलेली असते.

ताडोब्याचा प्रश्न निराळा आहे. तेथे आमिष नाही. तेथे गर्दी आहे. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालेले आणि १९९५ पासून व्याघ्र प्रकल्प असलेले हे अरण्य आज महाराष्ट्रातील व्याघ्रदर्शनाचे मुख्य केंद्र आहे. २०२२ च्या गणनेनुसार राज्यात ४४४ वाघ आहेत आणि त्यांतील मोठा हिस्सा चंद्रपूर जिल्ह्याच्या परिसरात आहे. मोहर्ली, कोलारा, नवेगाव या प्रवेशद्वारांतून पहाटे वाहने आत सुटतात आणि वाघ दिसल्याची वार्ता पसरताच सर्व एका ठिकाणी धावतात. ताडोब्याचे उदाहरण न घेता शेजारचेच घेऊ. २०२४ च्या अखेरच्या दिवशी नागपूरजवळच्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आपल्या पाच बछड्यांसह रस्त्यावर आली. दोन्ही बाजूंनी सफारीची वाहने उभी राहिली आणि तिचा मार्ग अडला. चित्रफीत सर्वदूर गेली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, वाहनचालक व मार्गदर्शकांवर कारवाई झाली. प्रवाशांवरही टीका झाली, आणि ती अनाठायी नव्हती. चालक पुढे जातो तो बहुतेक वेळा मागच्या आसनावरून ‘अजून थोडे जवळ घ्या’ असा आवाज येतो म्हणूनच. बक्षिशीची नोट वाघ किती जवळून दाखवला यावर न देता, गाडी किती लांब उभी केली यावर दिली तर चालकांच्या सवयी एका हंगामात बदलतील. व्यापारी समाजाला प्रोत्साहनाचे हे गणित चांगले कळते.

ज्या घरांत चौविहार पाळला जातो त्यांच्यासाठी सफारीच्या वेळा थोड्या अडचणीच्या आहेत. दुपारची फेरी सूर्यास्ताच्या सुमारास संपते आणि हिवाळ्यात मुक्कामावर परतेपर्यंत अंधार पडलेला असतो. त्या दिवशीचे भोजन फेरीपूर्वीच उरकावे लागते. सकाळची फेरी सूर्योदयाच्या आसपास सुटते, त्यामुळे नवकारशीनंतरचा फराळ परत आल्यावरच करणे इष्ट. अरण्यात डबे उघडू नयेत, वेष्टनाचा एक तुकडाही मागे राहू नये. ज्येष्ठांनी एकच फेरी घ्यावी आणि शक्यतो सकाळची घ्यावी. कंदमुळे वर्ज्य असल्याचे निवासस्थानाला आरक्षण करतानाच कळवले तर बहुतेक ठिकाणी सोय होते. एक योगायोग मोठा मनोज्ञ आहे. गिरचे अरण्य १६ जूनपासून १५ ऑक्टोबरपर्यंत बंद असते आणि ताडोब्याचा गाभा भाग जुलै ते सप्टेंबर. साधुसाध्वी ज्या काळात एका स्थानी स्थिर होतात, त्याच काळात अरण्यही आपली द्वारे मिटून घेते. कारणही फारसे निराळे नाही. पावसाळ्यात वाटेवर जीवसृष्टी फार असते.

ज्यांना दुर्लभाहून दुर्लभ पाहायचे आहे ते आता लडाख आणि स्पितीकडे, हिमबिबट्याच्या शोधात जाऊ लागले आहेत. २०२४ च्या आरंभी प्रसिद्ध झालेल्या पहिल्या राष्ट्रीय अंदाजानुसार भारतात ७१८ हिमबिबटे आहेत आणि त्यांपैकी ४७७ एकट्या लडाखमध्ये. हंगाम जानेवारी ते मार्च, म्हणजे ऐन थंडीचा. हेमिस राष्ट्रीय उद्यानातील रुंबक अथवा स्पितीतील किब्बर येथे गावकऱ्यांच्या घरीच राहावे लागते. भाजी म्हणजे साठवलेले बटाटे, सलगम, गाजर. तेव्हा आपला शिधा आपणच न्यावा. रक्तदाब, दमा असलेल्यांनी या वाटेला जाऊ नये. दिवसचे दिवस समोरच्या कड्यावर दुर्बीण रोखून बसावे आणि काहीच न दिसता परतावे, असेही घडते. तरीही येथील एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. हिमबिबट्याने शेळ्यामेंढ्या मारल्या की पूर्वी गावकरी सूडाने त्याला मारत. आता किब्बर परिसरात नेचर कन्झर्वेशन फाउंडेशन या संस्थेच्या साहाय्याने गावकरी स्वतःच पशुधनाचा विमा चालवतात. वर्गणी भरायची आणि नुकसान झाले की त्यातून भरपाई घ्यायची. परस्परविश्वासाने चालणारा हा निधी पाहून आपल्याकडच्या जुन्या व्यापारी महाजनांची आठवण व्हावी.

यजमानपणाचा विषय मात्र ठाणेकर आणि कल्याणकरांना टाळता येत नाही.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०३ चौरस किलोमीटरचे. त्याची पूर्व बाजू ठाणे शहराला येऊरजवळ टेकलेली आहे. २०१५ च्या अभ्यासात या उद्यानात व लगतच्या आरे परिसरात ३५ बिबटे आढळले होते. एवढ्या दाट वस्तीच्या कुशीत इतके बिबटे जगात क्वचितच कोठे असतील. घोडबंदर मार्गावरील अनेक इमारतींच्या सज्ज्यांतून जे हिरवे डोंगर दिसतात, ज्यांच्यासाठी सदनिकेचा दर चढा द्यावा लागतो, ते यांचे घर आहे.

२००४ च्या सुमारास या उद्यानाच्या कडेला बिबट्यांच्या हल्ल्यांत अनेक माणसे मृत्युमुखी पडली. घबराट पसरली, पिंजरे लागले. पुढे जुन्नर परिसरातील अभ्यासातून डॉ. अत्रेय आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की एका ठिकाणचे बिबटे पकडून दुसरीकडे नेऊन सोडल्याने हल्ले कमी होत नाहीत, उलट वाढू शकतात. अनोळखी प्रदेशात सोडलेले जनावर बिथरते, घराची वाट धरते, आणि रिकाम्या झालेल्या जागी दुसरे येते. ‘आमच्या भागातला बिबट्या घेऊन जा’ ही मागणी म्हणूनच दिसते तितकी निरुपद्रवी नाही. हा निष्कर्ष पचायला जड आहे, विशेषतः ज्याच्या घरातले मूल गेले त्याला. ते दुःख कमी लेखण्याचे कारण नाही.

फेब्रुवारी २०१९ मध्ये ठाण्याच्या समतानगर भागात पहाटे एका मॉलच्या वाहनतळाच्या कॅमेऱ्यात बिबट्या दिसला आणि काही तासांनी जवळच्या हॉटेलच्या तळघरातून त्याला बेशुद्ध करून सुखरूप बाहेर काढण्यात आले. नोव्हेंबर २०२२ मध्ये कल्याण पूर्वेच्या चिंचपाडा भागात एक बिबट्या निवासी इमारतीत शिरला. काही जण जखमी झाले आणि कित्येक तासांच्या प्रयत्नांनंतर तो पकडला गेला. अशा वेळी पथकाचा मोठा वेळ जमलेल्या गर्दीला हटवण्यातच जातो. गोंगाटाने घाबरलेला प्राणी सुटकेची वाट शोधताना समोर येईल त्यावर झेप घेतो. आपल्या आवारात असा प्रसंग आला तर दारे लावून घ्यावीत, लहानांना आत ठेवावे, त्याची निघून जाण्याची वाट मोकळी सोडावी आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. गच्चीवरून फटाके लावू नयेत, मोबाइल घेऊन जिना उतरू नये.

आणखी एक विषय नाजूक आहे, पण सांगितला पाहिजे. जीवदयेच्या भावनेने अनेक श्रावक-श्राविका पहाटे फिरायला जाताना रस्त्यावरील कुत्र्यांना बिस्किटे, पोळ्या घालतात. भावना निर्मळ आहे. परंतु येऊरच्या पायथ्याशी, अरण्याच्या कडेला हे घडते तेव्हा तेथे कुत्र्यांचे टोळके जमते, आणि उद्यानातील बिबट्यांच्या आहाराचा जवळपास चौथा हिस्सा कुत्र्यांचाच असल्याचे अभ्यासात आढळले आहे. घातलेली पोळी त्या कुत्र्याला मृत्यूच्या तोंडी नेते आणि बिबट्याला वस्तीच्या तोंडाशी आणते. कचऱ्याचे उघडे ढीगही हेच करतात. दान थांबवण्याचे कारण नाही. जागा बदलावी, भटक्या कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाला हातभार लावावा, सोसायटीचा कचरा वेळेवर उचलला जाईल हे पाहावे. बोरिवलीच्या बाजूला राष्ट्रीय उद्यानात बचावलेल्या, पुन्हा अरण्यात सोडता न येणाऱ्या बिबट्यांचे संगोपन होते आणि त्यांच्यासाठी दत्तक योजनाही आहे. मांसाहारी प्राण्याच्या पोषणाला साहाय्य करावे की नाही हा प्रश्न काहींच्या मनात येईल. पिंजरे, औषधे आणि वैद्यकीय उपकरणे यांसाठी साहाय्य करण्याचा मार्ग त्यांना मोकळा आहे.

येऊरच्या पाड्यांवर आणि पुढे पालघरपर्यंत वारली व इतर आदिवासी बांधव अश्विन वद्य द्वादशीला वाघबारस साजरी करतात. वाघोबाचे स्थान म्हणजे बहुधा शेंदूर लावलेला एखादा पाषाण किंवा लाकडी फळी, तिच्यावर वाघ, चंद्र आणि सूर्य कोरलेले. आमची गुरे राख, आम्हांला सांभाळ, अशी प्रार्थना होते आणि वर्षभरासाठी माणूस व वाघोबा यांच्यातला जुना करार जणू नव्याने मान्य केला जातो. गुजराती व्यापारी पंचांगातही त्याच दिवसाला वाघबारस म्हणतात. त्या दिवशी वर्षाची येणी-देणी चुकती करायची आणि जुनी वही मिटायची. डोंबिवलीच्या बाजारपेठेत आणि येऊरच्या पाड्यावर एकाच तिथीला एकाच नावाने हिशेब पुरा होतो. पुढच्या वाघबारसेला वही मिटल्यावर एखाद्या कुटुंबाने संध्याकाळ होण्याआधी येऊरला जाऊन यावे. तेथे जिप्सी नाही, तिकिटाची रांग नाही. बिबट्या दिसणार नाही. बहुधा तो पाहील.